काळ्या पडद्यामागचे चित्र दाखवणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

दुकानात तुम्ही मला आभाराचे चार शब्दही नीट बोलू दिले नाहीत. "त्यात काय एवढं, सर," असे म्हणत तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाचा कीबोर्ड हातात घेतलात, म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहीत आहे. त्यात तपशील जरा जास्त येतील. पण दुरुस्तीहून परत आलेला आणि पडदा काळा पडलेला लॅपटॉप समोर घेऊन बसलेल्या आणखी कोणाला ते उपयोगी पडले, तर तुमचे ऋण थोडेफार फिटेल.

दिवाळी अंकाची मुद्रिते तपासण्याचे काम ऐन भरात असताना माझ्या लॅपटॉपची डावी बिजागरी तुटली आणि एका दुकानातून ती बदलून आणली. त्याच रात्री लॅपटॉप सुरू केला, तेव्हा दिवा लागला, पंखा फिरला, पण पडद्यावर काही उमटेना. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने तो उघडूनही न पाहता "मदरबोर्ड गेला, साडेचौदा हजार लागतील" असा निकाल दिला. मला पैशांपेक्षा आतल्या 112 पानांच्या दुरुस्त्यांची धास्ती अधिक होती, कारण त्यांची दुसरी प्रत, सांगायला लाज वाटते, कुठेच नव्हती. मुद्रणालयातील जुळणीकारांनी तुमचा क्रमांक दिला आणि रात्री साडेनऊ वाजता मी संकोचतच फोन केला.

तुम्ही "घेऊन या" म्हणाला असता, तर माझी ती रात्र तळमळण्यातच गेली असती. त्याऐवजी तुम्ही चार्जर काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरायला सांगितलेत. त्याने काही झाले नाही, तेव्हा लॅपटॉप पुन्हा सुरू करून कॅप्स लॉकची कळ दाबायला लावलीत. तिचा चिमुकला दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. "म्हणजे आत सगळं जागं आहे," असे तुम्ही म्हणालात आणि मला पहिल्यांदा हायसे वाटले. मग घरातल्या टीव्हीची एचडीएमआय केबल लॅपटॉपला जोडून विंडोजच्या कळीबरोबर पी दाबायला सांगितलेत, आणि दोन-तीन प्रयत्नांत माझी मुद्रिते बैठकीच्या खोलीतील टीव्हीवर दिसू लागली! मदरबोर्ड खरोखर गेला असता, तर हे घडणे शक्य नव्हते. पुढचे काही करण्याआधी सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, असे तुम्ही बजावलेत, तेही मी लगेच केले.

त्यानंतरची परीक्षा मात्र मी जन्मभर विसरणार नाही. खोलीतले दिवे मालवून, मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरपा धरून जवळून पाहा, असे तुम्ही सांगितलेत. पाहतो तो काळोखात गणपतीच्या चित्राची अंधूक रेषा आणि खाली घड्याळाचे आकडे! एलसीडी पडदा स्वतः प्रकाश देत नाही, त्याच्या मागे एलईडींची पट्टी असते, तिचा उजेड गेला की चित्र असूनही दिसत नाही, हे तुम्ही तेव्हा समजावलेत. (ओएलईडी पडद्यात प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो, म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही, हेही तुम्ही आवर्जून सांगितले होते.) ज्याला मी एकच बिघाड समजत होतो, त्याचे चित्र नसणे आणि उजेड नसणे असे दोन वेगळे प्रकार निघाले, आणि माझा बिघाड दुसऱ्या प्रकारचा होता.

दुसऱ्या दिवशी राजवाड्याजवळच्या तुमच्या दुकानात तुम्ही खालचे झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवलीत. चार्जर काढला तरी बॅटरी जोडलेली असेल, तर पडद्याच्या केबलच्या काही तारांत वीज असू शकते आणि तशा स्थितीत केबल काढली-घातली, तर शेजारच्या पिना एकमेकींना टेकून फ्यूज उडू शकतो. भिंगातून पाहिल्यावर केबलचे टोक किंचित तिरके बसलेले दिसले. पडद्यामागच्या उजेडाची वीज ज्यातून जाते, तो तांदळाच्या कणीएवढा फ्यूज तुम्ही मल्टिमीटरच्या दोन टोकांमध्ये धरलात, पण बीप ऐकू आला नाही, म्हणजे तो उडालेला होता.

इथे दुसऱ्या कोणी नवा फ्यूज लावून मला वाटेला लावले असते, किंवा त्याहून वाईट म्हणजे फ्यूजच्या जागी तार जोडून दिली असती. तुम्ही मात्र "तो कशामुळे उडाला, ते आधी बघू" म्हणत पडद्याची चौकटही उघडलीत. नवी बिजागरी बसवताना केबल तिच्या खाचेतून न नेता वरून नेली गेली होती आणि झाकण उघडता-मिटताना चिमटून तिचे वेष्टण फाटले होते. नुसता फ्यूज बदलला असता, तर तोही चार दिवसांत उडाला असता, आणि फ्यूजऐवजी तार असती, तर पुढच्या वेळी बोर्डच भाजला असता. मूळ क्रमांकाचीच केबल हवी, 30 पिनांच्या जागी 40 पिनांची चालत नाही, म्हणून तुम्ही तीन दिवस थांबायला लावलेत. त्या तीन दिवसांत मी टीव्हीसमोर बसून पन्नासेक पाने तपासली, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोठ्या पडद्यावर अधिक ठळक दिसतात, हा एक शोधही लागला.

केबल, फ्यूज आणि मजुरी मिळून तुम्ही अकराशे रुपये घेतलेत. आधीच्या दुकानदाराबद्दल मी तावातावाने बोलू लागलो, तेव्हा "घाईत होतं असं, माझ्याकडूनही झालंय" एवढेच म्हणून तुम्ही विषय बदललात. तो मोठेपणा मला जमला नसता, हे प्रांजळपणे कबूल करतो.

अंक छापून आला की पहिली प्रत तुम्हाला द्यायला येईन. येताना आमच्या संपादकांचा लॅपटॉपही आणायचा आहे. त्याचा पडदा शाबूत आहे, आवाज तेवढा गेला आहे.

आपला आभारी,
एक मुद्रितशोधक, सातारा