दूरसंचार मंत्र्यांना खुले पत्र : 0000 हा पिन बंद करा

माननीय मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

कार्यालयांची टेलिफोन यंत्रणा सांभाळणं हे माझं काम. माझी मागणी साधी आहे. ग्राहक स्वतःचा पिन ठेवत नाही तोवर कोणताही व्हॉइसमेल बॉक्स, म्हणजे न उचललेल्या फोनवरचे निरोप साठवणारी आणि पिन दाबून दुसऱ्या फोनवरूनही उघडणारी पेटी, सुरूच होऊ नये, असा नियम करा.

व्हॉइसमेल हल्ली ऐकतं कोण, असं आपले सल्लागार म्हणतील. कोणी ऐकत नाही, हीच तर खरी गोम आहे. न वापरलेला बॉक्स आयत्या मिळालेल्या 0000 किंवा 1234 वर वर्षानुवर्षं पडून राहतो. व्हॉट्सॲपसारख्या सेवा पडताळणीचा कोड फोन करूनही सांगतात. मालक झोपलेला असताना फोन वाजून थांबला, की तो कोड व्हॉइसमेलवर जाऊन बसतो. चोर बाहेरून बॉक्स उघडून कोड ऐकतो आणि खातं ताब्यात घेतो. ब्राझीलमध्ये 2019 मध्ये सरकारी वकिलांची टेलिग्राम खाती अशीच फुटली. तिथे तर ग्राहकाच्याच नंबरवरून फोन आल्याचं भासवलं गेलं आणि यंत्रणेने विश्वास ठेवला. म्हणून नुसता नंबर ओळखून बॉक्स उघडण्याची सोयही बंद व्हायला हवी. ब्रिटनमध्ये लोकांचे निरोप चोरून ऐकल्याच्या प्रकरणात 168 वर्षांचं 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे वृत्तपत्र 2011 मध्ये बंद पडलं, हे आपल्याला ठाऊक असेलच.

कार्यालयांत वेगळाच खेळ चालतो. तिथल्या बॉक्समधून बाहेर फोन लावण्याची किंवा कॉल वळवण्याची सोय असते. एक्स्टेंशन, म्हणजे टेबलावरच्या फोनचा अंतर्गत नंबर, 2140, पिनही 2140. तो माणूस नोकरी सोडून गेलेला, बॉक्स मात्र चालू. शनिवारी रात्री कोणीतरी बाहेरून आत शिरतं आणि महागड्या परदेशी नंबरांवर कॉल लावून ठेवतं. त्या नंबरांच्या कमाईत त्याचा वाटा असतो. सोमवारी कॉल लॉग उघडावा तर त्याच एक्स्टेंशनवरून रात्रभर एकामागून एक कॉल, कार्यालयाला मात्र कुलूप! बिल अर्थातच कार्यालयाच्या नावावर.

हे थांबवणं अवघड नाही. चार आकडी पिनच्या शक्यता 10,000, सहा आकडीच्या 10 लाख. पण चुकीच्या प्रयत्नांनंतर बॉक्सला कुलूपच लागणार नसेल, तर संगणक आज ना उद्या दोन्ही शोधून काढतो. गेलेल्या माणसाचा बॉक्स त्याच दिवशी बंद करणं आणि गरज नसेल तिथे बाहेर फोन लावण्याची सोय काढून टाकणं, हे आम्हा प्रशासकांचं काम. ते आम्ही टाळतो हेही खरं. प्रशासकाचा पासवर्ड तर त्याहून गंभीर. तो हाती आला की सगळेच बॉक्स उघडले, आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड छापील पुस्तिकेत कोणालाही वाचता येतो.

एक विनंती : दर महिन्याला पिन बदलण्याची सक्ती मात्र आणू नका. लोक 1234 चं 1235 करतात आणि चिठ्ठी फोनला चिकटवतात.

आणि आयत्या पिनवर चालू करून दिलेल्या यंत्रणेतून असे कॉल गेले, तर त्यांचं बिल ती बसवून देणाऱ्याने भरावं, ग्राहकाने नव्हे. एवढी एक ओळ नियमात आली, तरी 0000 पिन असलेला बॉक्स कोणी ग्राहकाच्या हाती देणार नाही.

आपला,
एक टेलिफोन यंत्रणा प्रशासक