विषय: राउटर बदलल्यापासून लॅपटॉपला वायफाय नाही, वर सल्ला काय तर नवीन लॅपटॉप घ्या

नमस्कार,

मी सांगलीत गावभागात राहतो, चार वर्षं झाली तुमचं कनेक्शन आहे, बिल एकदाही थकवलं नाही. गेल्या महिन्यात तुमचा माणूस आला, काका राउटर फुकट बदलून मिळतोय स्पीड वाढेल म्हणाला, आणि जुना काढून नवीन ठोकून गेला. मोबाईलला स्पीड आला, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी लॅपटॉप उघडला तर यादीत शेजाऱ्यांची तीन वायफाय दिसतायत आणि आमचंच गायब.

लॅपटॉप २०१२ चा आहे, मान्य. पण विंडोज १० टाकलंय, रॅम वाढवलीय, मार्केट यार्डातल्या दोन हळदीच्या दुकानांचं टॅली आणि जीएसटी त्याच्यावरच चालतं. २०१९ च्या पुरात टीव्ही खालीच राहिला पण हा सगळ्यात आधी वरच्या मजल्यावर गेला, एवढी त्याची आमच्या घरात किंमत.

कस्टमर केअरने सांगितलं नेटवर्क फरगेट करा. अहो दिसतच नाही ते फरगेट काय करू? मग लॅन केबल लावा म्हणाले. राउटर तुमच्याच माणसाने दाराच्या वर ठोकलाय, तिथं स्टुलावर उभं राहून रिटर्न भरू का? शेवटी एक पोरगा आला, दोन मिनिटं बघितलं, लॅपटॉपचं वायफाय कार्ड गेलंय, नवीन लॅपटॉप घ्या म्हणाला आणि ३५० रुपये घेऊन गेला, पावती नाही काही नाही.

कार्ड गेलेलं नाही. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर चालतं, पुतण्याने मोबाईलचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर लावला आणि लॅपटॉप लगेच जोडला गेला. या जुन्या कार्डाला २.४ च कळतं, ५ गिगाहर्ट्झ त्याला दिसतच नाही, आणि नवीन राउटरवर २.४ बंद ठेवलेलं. हे फोनवर सांगितल्यावर तुम्ही तिकडून चालू केलंत, नाव दिसायला लागलं, पण पासवर्ड बरोबर टाकूनसुद्धा कनेक्ट होत नाही. पुतण्याने परत बघितलं तर राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर, म्हणजे वायफायच्या सुरक्षेच्या नव्या पद्धतीवर, आणि आमच्या कार्डाची धाव आधीच्या डब्ल्यूपीए२ पर्यंतच. त्यालाही सेटिंगमध्ये दोन्ही चालतील असा मिक्स मोड असतो म्हणे. तो मीच लावला असता, पण राउटरच्या खालच्या स्टिकरवरचा अ‍ॅडमिन पासवर्ड चालत नाही, तुम्ही तो बदलून ठेवलाय आणि विचारलं की कंपनीचा नियम आहे म्हणून सांगता. घर माझं, बिल माझं आणि किल्ली तुमच्याकडं!

तर एक, डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालेल असं सेटिंग करा नाहीतर पासवर्ड द्या. दुसरं, न झालेल्या रिपेअरीचे ३५० रुपये पुढच्या बिलातून वजा करा. आणि त्या पोराला निदान हॉटस्पॉट लावून बघायला तरी शिकवा, कारण त्याच्या बोलण्यावर मी खरंच नवीन लॅपटॉपचा भाव काढून आलो होतो.

सध्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम चाललंय, रोजचा डेटा दुपारच्या चहापर्यंत संपतो. २० तारखेच्या आत जीएसटीचा ३बी रिटर्न भरायचा आहे, त्याआधी करा.

आपला ग्राहक,
गावभाग, सांगली