ताई, आमची साइट आधी ऐकलीत म्हणून

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

दिव्यांगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या आमच्या संस्थेची साइट आणि बोधचिन्ह नव्याने करायला तुम्ही आलात, पण पहिल्या भेटीत नमुने दाखवले नाहीत. खुर्ची माझ्या संगणकाजवळ ओढलीत आणि म्हणालात, "दादा, तुमची साइट मला ऐकवा." मी एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा माझा स्क्रीन रीडर, सुरू केला आणि स्पीकरमधून इंग्रजी अक्षरांची खिचडी बाहेर पडू लागली. आमचा मजकूर युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये होता. बघणाऱ्याला तो मराठी दिसायचा, स्क्रीन रीडरला मात्र त्यात मराठी सापडायचंच नाही. परिपत्रकं स्कॅन केलेली, म्हणजे नुसती चित्रं. मग ओळीने "इथे क्लिक करा, इथे क्लिक करा".

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम ४२ दाखवून आम्ही कार्यालयांकडे सुगम्य माहिती मागत होतो, आणि आमच्याच माणसांना आमचं म्हणणं वाचता येत नव्हतं. मला त्या दिवशी फार लाज वाटली. तुम्ही एवढंच म्हणालात, "पहिल्या पानापासून लागू या."

सगळा मजकूर तुम्ही युनिकोडमध्ये आणलात. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवलंत, त्यामुळे मराठी आवाज आपोआप सुरू होतो. आता 'एच' दाबत मी मथळ्यामागून मथळा गाठतो, माउसची गरज नाही. फिकट नारिंगी अक्षरं जाऊन गडद आली. अक्षरं आणि त्यांच्यामागचा रंग यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ : १ हवा, यावर तुम्ही अडून बसलात. कमी दिसणारी आमची सहकारी आता पडद्याला नाक न लावता वाचते.

बोधचिन्हाचं काम अवघड होतं. वरून आलेला मोठा हात आणि खाली छोटा हात, हे चिन्ह जुन्या कार्यकर्त्यांच्या जिव्हाळ्याचं. तुम्ही विचारलंत, "वरचा हात कोणाचा?" बराच वेळ कोणी बोललं नाही. तीन बैठका तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेतलंत, कोणालाही मोडीत काढलं नाहीत. शेवटी हक्काचा 'ह' ठरला, आणि शेजारी ब्रेलमधला 'ह', ठिपके १-२-५. कार्डावर ते ठिपके उठावाचे करून घेतलेत. संस्थेचं चिन्ह माझ्या बोटांना पहिल्यांदा कळलं.

मानधन तुम्ही आम्हाला झेपेल तेवढंच घेतलंत, तेही हप्त्यांनी. त्याचे आभार मानले नाहीत तर मनाला लागून राहील.

आणखी एक सांगायचं राहिलं. प्रत्येक फोटोचं वर्णन लिहायचंच, असा नियम तुम्ही घालून दिलात. परवा एक सहकारी मुखपृष्ठावरच्या जुन्या मोर्च्याच्या फोटोचं वर्णन मोठ्याने म्हणत टाइप करत होता. सगळ्यात पुढे, दोन्ही हातांनी फलक धरून उभा आहे तो मी. इतकी वर्षं तो फोटो तिथे होता, आणि मला ते परवा कळलं.

तुमचा,
संस्थेचा एक कार्यकर्ता