लुंबिनीहून, घरी येता येता

ती. आई-बाबा,
सविनय जयभीम.

फोनवर आई "जेवली का?" एवढंच विचारते आणि बाबा फोन हातात घेतच नाहीत, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. फोटो काढून दादाच्या मोबाइलवर पाठवते. बाबा, चष्मा लावून तुम्हीच वाचा.

दसऱ्याला दीक्षाभूमीवरून निघाले, त्याला आज 27 दिवस झाले. बाबा, तेव्हा तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. स्तूपाकडे तोंड करून उभे राहिलात. पोरीनं एकटीनं परदेशात मोटरसायकल न्यावी हे तुम्हाला पटलं नाही, असंच मी जबलपूर येईपर्यंत मनात घोळवत होते.

मग नेपाळात मुस्तांगच्या वाटेवर, घासा गावाच्या पुढे, क्लच वायर तुटली. काली गंडकीच्या त्या खोऱ्यात ऊन चढलं की असा वारा सुटतो, की उभी गाडी हलते. जवळपास गॅरेज नाही. पान्हे काढायला सीट उचलली, तर खाली जुन्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळलेली नवी वायर, वरून सुतळीची गाठ. बंडीच्या जुवाला तुम्ही मारता तीच गाठ. वायरीला आधीच ग्रीस लावलेलं होतं. बाबा, मी तिथे रस्त्याच्या कडेला बसून रडले. मग वायर बदलली. चहाच्या टपरीवरच्या बाईनं वाऱ्याला आडोसा म्हणून चादर धरली. मला "बहिनी" म्हणत होती. नेपाळीत धाकट्या बहिणीला तसंच म्हणतात.

मुक्तिनाथपर्यंत गेले. बारा हजार फुटांच्या वर, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या तिपटीहून उंच. आई, थंडीनं बोटं वळेनात तेव्हा तुझा तो मरून स्वेटर जाकिटाच्या आत घातला. त्याविषयी आणखी काही लिहीत नाही, घरी आल्यावर सांगेन.

खरं सांगायचं आहे ते इथलं. सकाळी सहाला मायादेवी मंदिरात गेले. चपला बाहेर, फोटो काढायला मनाई. आत जुन्या विटांचे पाये आहेत, आणि जन्मस्थानाचा दगड काचेखाली ठेवलेला. बाहेर अशोकाचा खांब. कठड्याबाहेरूनही अक्षरं दिसतात, चार-पाच ओळी, ब्राह्मी लिपीत. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी राजा स्वतः इथे आला, आणि इथे बुद्ध जन्मले म्हणून त्यानं लुंबिनी गावाचा बली नावाचा कर माफ केला आणि शेतीचा हिस्सा आठवा ठरवला. बाबा, सव्वादोन हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्याचा सारा कमी केल्याची गोष्ट दगडावर कोरून ठेवली आहे! मला तुम्ही आठवलात, तहसीलच्या फेऱ्या मारून परतल्यावर ओट्यावर बसलेले.

भोवती सगळी धानाची शेतं, भंडारा-गोंदियाकडच्या बांध्यांसारखी. कापणी चालू आहे. एका बांधीत सारसांची जोडी होती, माणसं शेजारी कापत होती तरी उडाली नाही. बाबासाहेब 1956 च्या नोव्हेंबरात बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला आले होते, हे तुम्हीच लहानपणी सांगितलं होतं. तेव्हा नेपाळ मला फार दूर वाटायचा. आता वाटतं, तुमचे गुडघे चालताहेत तोवर तुम्हाला इथे आणायचंच. नागपूरहून गोरखपूरला थेट रेल्वे आहे, पुढे सोनौलीपर्यंत बस, आणि सरहद्द ओलांडली की लुंबिनी तास-दीड तासावर. आत फिरायला सायकलरिक्षा मिळतात. नाही म्हणू नका.

उद्या सकाळी सोनौलीतून भारतात शिरते. रात्री गाडी चालवणार नाही, हा शब्द आई, 27 दिवस पाळला आहे. चार मुक्काम धरले तरी पहिल्या वेचणीला मी वावरात असेन. यंदाही बाया मिळत नाहीत असं दादा म्हणाला, तर माझी एक ओळ धरूनच ठेवा. आणि आई, ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. रोज डाळ-भात जेवते आहे.

बाबा, तुटलेली वायर फेकली नाही. त्याच ट्यूबमध्ये, त्याच सुतळीनं बांधून आणते आहे. गाठ मात्र तुमच्यासारखी जमली नाही.

तुमची,
बेबी