कुपी फोडायला किती मुलं लागतात, साहेब?

मा. आरोग्यमंत्री, गोवा राज्य, यांस,
सा. न. वि. वि.

आपला वेळ मोलाचा, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. गेल्या बुधवारी माझी सून नऊ महिन्यांच्या नातीला गोवर-रुबेलाची लस द्यायला घेऊन गेली. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर बस कधी येते, येते की नाही, हे आपल्याला ठाऊक असायचं कारण नाही. आपल्या दारात गाडी उभी असते. आरोग्य केंद्रात सुनेला उत्तर मिळालं, "मुलं कमी आहेत, कुपी फोडता येणार नाही, पुढच्या बुधवारी या." फोडलेली कुपी चार तासांत टाकून द्यावी लागते, उरलेले डोस वाया जातात, हे मलाही कळतं. सुनेचा ऐन काजूच्या हंगामातला दिवस वाया गेला, तो कुठल्या रजिस्टरात लिहितात?

त्याच आठवड्यात ग्रामसभेत एक साहेब सांगून गेले की खेड्यातली माणसं व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवांना भुलून लस टाळतात.

अफवा? बरं. २०१५ साली सत्तरीतल्या पाळी गावात माकडताप आला, गोचिडीच्या चाव्यातून होणारा. माणसं दगावली. मग गोचिडीसाठी अंगाला लावायचं तेल आलं, लस आली. एक डोस, महिन्याने दुसरा, पुढे बूस्टर, मग दर वर्षी. दंड असा ठणकायचा की बोंडू वेचताना हात उचलत नसे. रात्री कूस बदलता यायची नाही. तरी घेतली, शेजाऱ्यांनाही ओढून नेलं. २०२२ मध्ये ती लस पुरेशी गुणकारी नाही म्हणून बंद झाली. शास्त्रात असं होतं, मान्य. पण वाड्यावर येऊन कोणी सांगितलं? पेपरात वाचलं तेव्हा कळलं. बायको विचारते, "मग आपल्याला टोचलं ते काय होतं?" तिची समजूत मीच काढायची, पगार मात्र साहेबांनी घ्यायचा.

मे २०२१ मध्ये कोविडसाठी १८ वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन, म्हणजे जंतांवरची गोळी, देण्याची घोषणा कुठल्या व्हॉट्सअ‍ॅपवाल्या काकांनी केली नव्हती, सरकारनेच केली होती. जागतिक आरोग्य संघटना तेव्हा चाचण्यांबाहेर ही गोळी वापरू नका म्हणत होती. कोविशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर आधी ४ ते ६ आठवडे, मग ६ ते ८, मग १२ ते १६. कारणं असतील, आमच्यापर्यंत फक्त बदललेली तारीख पोचली. आणि सप्टेंबरात पहिला डोस १०० टक्के झाला म्हणून कौतुकसोहळा! शंभरात मोजायला आमचा दंड चालतो. त्याच दंडाच्या माणसाने शंका विचारली की तो अडाणी.

लसीचंच कशाला? मोकासो, म्हणजे जुन्या इनामी जमिनीचं विचारा, फाईल पुढे गेलीय. नळाचं विचारा, निविदा निघतेय. आमच्या गल्लीबोळांची बिनचूक माहिती असलेली माणसं निवडणुकीआधी दारोदार येतात. तीच माणसं एका तापलेल्या पोराचं घर शोधायला का पाठवत नाहीत?

मागणं फार नाही. एक मूल आलं तरी कुपी फोडा, नाहीतर आदल्या दिवशी फोन करा. माकडतापाची नवी लस आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादची कंपनी मिळून करताहेत. ती येईल तेव्हा जुनी का बंद केली, हे आधी वाड्यावर येऊन सांगा, कोकणीत सांगा, मराठीत सांगा. आणि फलकावर आपला फोटो जरा लहान छापून उरलेल्या जागेत दुखलं-खुपलं तर विचारायचा नंबर घाला. उचलला जाणारा.

आपला,
सत्तरीतला एक काजू बागायतदार