अण्णा, जाहीर आभार

अण्णा,

सादर नमस्कार. फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "राहू द्या हो वहिनी" म्हणून विषय बदलता. म्हणून आता चारचौघांत लिहिते.

गेल्या मे महिन्यात, पुण्याचा घोड्यांच्या शर्यतींचा सीझन तोंडावर असताना, आमच्या घरात काय चाललं होतं ते तुम्ही पाहिलंत. जॉकी असलेला आमचा पोरगा वजन उतरवायला दोन स्वेटर आणि वर रेनकोट घालून भर उन्हात गच्चीवर दोरीच्या उड्या मारायचा. ताटात अर्धी चपाती, तीही चिवडून ठेवलेली. तहान लागली की बर्फाचा खडा तोंडात धरायचा आणि पाणी थुंकून टाकायचा. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. मी ओरडले की म्हणायचा, "मोठे मोठे जॉकी असंच करतात." यावर आम्ही काय बोलणार? घोड्यावर बसलेला आमच्या घरातला हा पहिलाच.

तुम्ही उपदेश केला नाहीत. "मोठे जॉकी ना? मग सगळ्यात मोठ्याचं ऐक," म्हणालात आणि फ्रेड आर्चरची गोष्ट सुरू केलीत. मेला तो इंग्रज आता मलाही पाठ झालाय! अकराव्या वर्षी इंग्लंडातल्या शर्यतींच्या गावी, न्यूमार्केटला, मॅथ्यू डॉसन यांच्या तबेल्यात शिकायला लागला. 1874 ते 1886, सलग तेरा वर्षं चॅम्पियन जॉकी, म्हणजे वर्षात सगळ्यात जास्त रेस जिंकणारा. पाच वेळा डर्बी, तिथली मानाची शर्यत, मारली. एकूण 2,748 विजय, त्यातले 246 एकट्या 1885 सालातले. पोरगा सरसावून बसला.

मग तुम्ही त्याची उंची सांगितलीत. पाच फूट दहा इंच. वजन उतरवायला गरम हमाम, उपास आणि जुलाबाचं असं जालीम औषध, की त्याला आर्चरचंच नाव पडलं. 1884 च्या नोव्हेंबरात बाळंतपणात बायको गेली, मागे तान्ही मुलगी. 1886 ला केंब्रिजशरच्या रेससाठी पोट मारून चोपन्न किलोपर्यंत उतरला, तरी ठरलेल्या वजनापेक्षा काट्यावर थोडा जास्तच भरला, आणि सेंट मिरिन या घोड्यावर ती रेस एका हेडने, म्हणजे घोड्याच्या डोक्याएवढ्या अंतराने, हरला. पाठोपाठ टायफॉइड. 8 नोव्हेंबरला तापाच्या भ्रमात त्याने स्वतःचा जीव घेतला. वय 29.

पोराने एवढंच विचारलं, "ती रेस जिंकला असता तर?"

"तर पुढच्या रेससाठी परत उपाशी राहिला असता."

त्या रात्री तो दोन चपात्या जेवला. पण मला खरे आभार मानायचेत ते दुसऱ्या दिवसाचे. तुम्ही स्वतः त्याला डॉक्टरकडे नेलंत, मग घोड्यांच्या ट्रेनरसमोर बसून सांगितलंत की जॉकीचं वजन याला झेपेल एवढं ठरलेलं असेल तेच घोडे याला द्या. बोलणारे पुष्कळ असतात, ट्रेनरच्या दारात दुसऱ्याच्या पोरासाठी कोण उभं राहतं?

राइड्स कमी झाल्या, पैसाही कमी येतो, हे लपवत नाही. हलका जॉकी लागणारा चांगला घोडा दुसऱ्याकडे गेला की आमचे हे छोटे साहेब घरात कोणाशी बोलत नाहीत. चालायचंच.

पोराची उंची अजून वाढतेच आहे. सकाळचं गॅलपचं, म्हणजे घोडे पळवून सराव द्यायचं, काम धरून पुढे असिस्टंट ट्रेनरचं शिकावं, असं तुम्ही मला म्हणाला होतात. ते त्याच्याशी तुम्हीच बोला, माझं तो ऐकणार नाही. रविवारी या. नुसत्या चहावर सोडणार नाही, जेवूनच जायचं.

तुमची,
वहिनी