रिक्षावाले काका, पुस्तक तुमच्याकडेच राहू द्या

काका, सलाम.

तुमचा फोन बटणांचा, त्यामुळे हे तुम्ही स्वतः वाचणार नाही, पण पुतण्याकडून वाचून घ्याल. आणि आमच्या मंडळीतल्या चार जणांनी वाचलं तरी चालेल मला, वाचावंच खरं तर, खोटं कशाला बोलू.

पप्पा प्रभूकडे गेले त्याला आज बावीस दिवस झाले. कब्रस्तानात तुम्ही मागे कडुनिंबाखाली टोपी हातात घेऊन उभे होतात, आणि पुढे फुलांची चक्रं घेऊन जे उभे होते त्यातले कितीतरी चेहरे मी दोन वर्षांनी बघत होते. एकाने तर मला विचारलं, पप्पा चर्चला येत होते का गं शेवटी शेवटी? म्हटलं हो, दर रविवारी, मागून तिसऱ्या बाकावर. तर म्हणे, अरे, कधी दिसले नाहीत. यावर मी काय बोलणार. तेव्हाच ठरवलं की तुमचे आभार गुपचूप मानायचे नाहीत, चारचौघात मानायचे.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते. पप्पा नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेसमध्ये होते, पोस्टाची तिकिटं आणि पासपोर्ट छापतात तिथे. नोकरीत असताना आणि नंतर पेन्शनीत गेल्यावरही त्यांनी रविवारची उपासना चुकवलेली मला तरी आठवत नाही. रात्रपाळी करून थेट यायचे, उपदेश सुरू झाला की डुलक्या, मग मम्मी कोपर मारायची. तर म्हणायचे, अगं बायबलमध्ये पौलाच्या उपदेशात तो युतुख खिडकीत बसल्या बसल्या झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, पण हजर तरी होता ना. मम्मी गेली तेव्हाही मातीनंतरच्या पहिल्या रविवारी हे एकटे इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मला तेव्हा राग आला होता त्यांचा, आता नाही येत.

मग पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पाणी हवं असलं तरी "तेच", लाईट बंद कर म्हणायचं तरी "तेच", मम्मीच्या फोटोकडे बघून पण "तेच तेच". अख्ख्या मराठी भाषेतला तेवढा एक शब्द उरला होता त्यांच्याकडे.

पहिला महिना घरात माणसं मावत नव्हती. सफरचंदं, संत्री, नारळपाणी, प्रार्थना. दुसऱ्या महिन्यात फोन. तिसऱ्यापासून काही नाही. मी स्टाफ नर्स, ड्युटी रोटेशनची, गाडी नाही. चर्चच्या ग्रुपवर टाकलं की उपनगरकडून कुणाची चारचाकी येत असेल तर पप्पांना रविवारी सोबत घ्याल का. चौतीस जणांनी हात जोडलेले इमोजी टाकले, मी मोजले. गाडी एकाचीही आली नाही. दाराला तीन पायऱ्या आहेत तिथे रॅम्प करा म्हणून कमिटीला दोनदा विचारलं तर पुढच्या मीटिंगला घेऊ, आणि मग त्याच वर्षी नवीन साऊंड सिस्टीम आली बघा. एक ज्येष्ठ तर मला समजावत होते की घरी बसून प्रार्थना केली तरी देव ऐकतोच की. ऐकतो हो, देवाबद्दल तक्रारच नाही माझी. पाळकसाहेब मात्र दोनदा प्रभुभोजन घेऊन घरी आले, तेवढं मान्य करायला पाहिजे.

आणि मी तरी काय मोठी. २०२०मध्ये लॉकडाऊनला चर्च बंद झाली, १२ एप्रिलचा ईस्टर आम्ही मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून केला, तेव्हापासून मला त्याची चटकच लागली होती. चहा पीत, भाजी निवडत उपासना. पप्पांनाही तेच लावून द्यायचे, ते पाच मिनिटं बघून भिंतीकडे तोंड करायचे. एका रविवारी नेमका मार्कच्या शुभवर्तमानातला तो उतारा होता, पक्षघाती माणसाला चौघांनी खाटेवर घालून आणलं, गर्दीमुळे आत शिरता येईना म्हणून छप्पर उसकटून खाली सोडलं, आणि येशूने त्यांचा विश्वास बघितला. म्हणजे उचलणाऱ्यांचा पण विश्वास बघितला बरं का. उपदेश सुंदर झाला, खाली किती जणांनी आमेन आमेन लिहिलं. माझा पक्षघाती माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी मोबाईल बंद केला आणि पुढचे कित्येक रविवार लावलाच नाही.

तुम्ही आम्हाला भेटलात फिजिओथेरपीमुळे. नाशिकचे रिक्षावाले म्हणजे मीटर शोभेला, बोलतील ते भाडं, असं माझं पक्कं मत होतं, आणि ते अजून फारसं बदललेलं नाही, तुम्ही सोडून. शरणपूर रोडला लागलं की पप्पा डावा हात बाहेर काढून बोट दाखवायचे, "तेच, तेच". आणि पुढे आमच्या चर्चचं गेट आलं की इतका आवाज करायचे की मला लाज वाटायची. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तुम्ही रिक्षा बाजूला घेतलीत आणि विचारलंत, "ताई, बाबांना इथं उतरायचं असतंय का?" मी म्हटलं आमचं चर्च आहे ते, रविवारचं असतं. तुम्ही म्हणालात, "मग रविवारी येतो. किती वाजता?"

बस एवढंच. दोन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, किती वाजता.

पहिल्या रविवारी तुम्ही पप्पांना तीन पायऱ्या पाठीवरून चढवलंत, बाकावर बसवलंत आणि बाहेर जायला निघालात. तेवढ्यात पहिलं गीत सुरू झालं. पप्पांनी डाव्या हाताने पुस्तक उचललं, पान उलटायला दुसरा हात कुठे, पुस्तक मांडीवरून घसरून खाली. मी औषधांची पिशवी नि वॉकर सांभाळत होते. तुम्ही वळलात, चपला दाराबाहेर काढून ठेवल्यात, आमच्यात तसं कुणी काढत नाही, आणि येऊन पप्पांच्या उजव्या बाजूला बसलात. भिंतीवरच्या पाटीवरचा नंबर बघितलात, अंगठ्याला थुंकी लावून पान काढलंत, आणि पप्पांच्या डोळ्यांसमोर पुस्तक धरून बसलात. कपाळावर बुक्का, गळ्यात तुळशीची माळ आणि हातात आमचं गीतांचं पुस्तक. पुढच्या बाकावरच्या बाई दोनदा मागे वळून बघत होत्या. तुमचं लक्षच नव्हतं, तुम्ही ओळीखाली बोट फिरवत होतात.

आणि पप्पा गायले.

काका, तुम्हाला तेव्हा कळलं नसेल की काय झालं ते. तुम्हाला वाटलं असेल बाबा गातायत, चर्चमध्ये गातात लोक. मी नर्स आहे, मला पुस्तकी माहिती होती की बोलण्याचं काम बहुतेक माणसांत मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं आणि गाण्यात उजवीकडचाही हात असतो, म्हणून वाचा गेलेल्या माणसाला कधी कधी गाता येतं. वॉर्डात एकदा बघितलंही होतं. पण घरी कधी सुचलं नाही, घरी गातो कोण. इथे शंभरेक माणसं एका लयीत गात होती, त्या ओढीने त्यांचे शब्द बाहेर आले, बोबडे पण ओळीच्या ओळी. मग प्रभूची प्रार्थना आली, "हे आमच्या स्वर्गातील पित्या" पासून आमेनपर्यंत सगळ्यांबरोबर अख्खी म्हणाले. ज्या माणसाला पाणी म्हणता येत नव्हतं त्याने "आमची रोजची भाकर" म्हटलं. घरी आल्यावर परत "तेच".

त्यामुळे आता कुणी मला म्हणालं ना की चर्चला जायलाच पाहिजे असं कुठे आहे, देव काय फक्त चार भिंतीत असतो का, तर मी वाद घालत नाही. इब्री लोकांस पत्रात एकत्र मिळणं सोडू नका असं लिहिलंय ते मी लहानपणापासून पाठ म्हणत आलेय, पण मला ते नियमासारखं वाटायचं, हजेरीपटासारखं. पप्पांचा आवाज एकट्याने निघत नव्हता, मंडळीत निघत होता, एवढंच मला माहितीये आता. येशूचा शिष्य थोमा, त्याचं पण तसंच, प्रभू मेलेल्यांतून उठला त्या पहिल्या रविवारी संध्याकाळी बाकीचे शिष्य जमले होते तेव्हा हा नेमका गैरहजर, आणि नेमका तेव्हाच प्रभू येऊन गेला. आठ दिवसांनी हा जागेवर होता म्हणून त्याला भेटला. एक रविवार चुकला तर काय होतं म्हणणाऱ्यांनी थोमाला विचारावं.

जुलैतला तो रविवार आठवतो का? गोदावरीला पूर, दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत पाण्यात, द्वारका चौकात गाड्या जागच्या हलत नव्हत्या. मी फोन करून म्हटलं काका आज राहू द्या, मोबाईलवर लावते. तुम्ही म्हणालात, "ताई, टीव्हीवर पंढरपूर बघितलं की वारी होती का? नेम म्हणजे नेम." आणि रिक्षाला दोन्हीकडून प्लास्टिकचा कागद बांधून आलात. शास्त्रात आहे की येशू शब्बाथ दिवशी सभास्थानात गेला, आपल्या परिपाठाप्रमाणे. इतकी वर्षं ऐकलंय ते, पण परिपाठ म्हणजे काय ते मला वारकऱ्याकडून कळलं. आमचे ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तरी कुठून आले, तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो असं तेच सांगायचे. नाशिकच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

पण मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? पौषात निवृत्तीनाथांची यात्रा होती, तुम्ही त्र्यंबकला गेलात, एकादशीच्या पुढचा रविवारही तुमचा तिकडेच गेला. मी धरूनच चालले होते की आता खाडा. तर सकाळी पावणेआठला दारात पुतण्या. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, कानात बाळी. पप्पांना उचलून आत ठेवलं आणि मला म्हणतो, "काकांनी सांगितलंय, नुसतं सोडून यायचं नाही. आत बसायचं, भिंतीवर नंबर असतात ते बघायचे, पुस्तक बाबांच्या डाव्या डोळ्याला जरा जवळ धरायचं, उजव्यानं त्यांना कमी दिसतं." काका, उजव्या डोळ्याने कमी दिसतं हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. ते तुम्ही पुस्तक धरता धरता बघितलंत. मी नर्स, मी रोज त्यांची बीपी घ्यायचे. त्या दिवशी चर्चमध्ये मी रडले आणि शेजारच्या बाईंना वाटलं उपदेशाने रडले.

शरणपूरला पप्पा बोट कशाला दाखवायचे ते तुम्ही एकदा विचारलं होतंत आणि मी सिग्नल सुटला म्हणून अर्धंच सांगितलं. तिथे मिशनची वसाहत होती, आणि गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकायला होती. त्यातला एक जेकब वेनराईट. १८७३मध्ये आफ्रिकेत फिरणारे मिशनरी लिव्हिंगस्टनसाहेब तिकडेच वारले तेव्हा त्यांचा देह त्यांच्या माणसांनी नऊ महिने चालत समुद्रापर्यंत आणला, त्यात हा होता, आणि पुढे १८७४ला लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेपर्यंत पेटीबरोबर गेला. आमच्या नाशिकच्या शाळेतलं पोरगं, असं पप्पा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. तुम्हालाही तेच सांगत होते ते, बोट दाखवून.

तुम्ही भाडं घेतलंत, जाऊन येऊन तीनशे, दर रविवारी, हे मला फार आवडलं. फुकट केलं असतंत तर आम्ही तुमचे मिंधे झालो असतो, पप्पांना ते रुचलं नसतं. पहिल्या महिन्यात मी वेटिंगचे पैसे वेगळे द्यायला गेले तर म्हणालात, "वेटिंग कुठं केलं, मी तर आत होतो." चांगली माणसं अशीच असतात बहुतेक, हिशेबाला चोख आणि बाकी सगळ्याला सढळ. याकोबाच्या पत्रात आहे, सभेत सोन्याची अंगठीवाला आला की त्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला तू तिथे उभा राहा. तुमच्या खाकी शर्टाला आमच्याकडे पहिले दोन महिने कुणी सलाम केला नाही, मी बघत होते. नंतर करायला लागले, काही जण. रॅम्पचं काम सुरू झालंय असं कळलं परवा. पप्पा गेल्यावर. असो, दुसऱ्या कुणाच्या पप्पांना होईल.

पप्पांचं पुस्तक तुमच्या सीटमागे राहिलंय, तुम्ही आणून देतो म्हणालात. नको. तिथेच असू द्या. मातीनंतरच्या पहिल्या रविवारी मी उठणारच नव्हते, पावणेआठला तुमचा हॉर्न वाजला म्हणून उठले, आणि इस्त्रीचा ड्रेस घातला.

येत्या रविवारी माझी दुपारची ड्युटी आहे, सकाळ मोकळी. या वेळेवर. भाडं मात्र आता एका माणसाचं घ्या, मागच्या वेळी तुम्ही तीनशे म्हटल्यावर मी दिले खरे, पण पप्पा असते तर घासाघीस केली असती.